अभिजात नृत्यसंगीतावरील लोकपरंपरेचे ऋण : तंजावर आणि स्पेन



बेंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्रा हे गाव वसले आहे. कारखान्यांची मोठी वसाहत, हृदयरोगाच्या उपचारांसाठी दूरदूरहून येणारे रुग्ण आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे अखेरचे स्थानक, ही त्याची आजची ओळख. परंतु गावाच्या नावात एक जुनी गोष्ट दडलेली आहे. बेंगळूरच्या परिसरात ‘संद्रा’ असा शेवट असलेली अनेक गावे आढळतात. हा ‘संद्रा’ म्हणजे मूळचा ‘समुद्र’, अर्थात मोठा तलाव, असे मानले जाते. एक भारदस्त संस्कृत शब्द शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या आणि पाणी भरणाऱ्या बायकांच्या तोंडी पडला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने त्याचे कोपरे झिजले. आणि पुढे तोच झिजलेला शब्द सरकारी दप्तरात व स्थानकाच्या पाटीवर अधिकृत म्हणून विराजमान झाला.

अभिजात आणि लौकिक यांच्यातील व्यवहार बहुधा असाच दुहेरी असतो. वरचे खाली उतरते, खालचे वर चढते, आणि काही काळानंतर मूळ कोणाचे हे सांगणे कठीण होते. नृत्यसंगीतात हा व्यवहार कसा घडतो, त्यात कोण देतो, कोण घेतो आणि देणाऱ्याच्या पदरी अखेर काय पडते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी दोन उदाहरणे घेतली आहेत. एक दूरचे, स्पेनमधील बॅलेसंगीताचे. दुसरे जवळचे, तंजावरच्या मराठी दरबारातील नृत्यप्रबंधांचे. दुसऱ्या उदाहरणाचा धागा बेंगळूरमधूनच निघतो. इ. स. १६३८ मध्ये हे शहर विजापूरच्या सैन्याने जिंकल्यावर शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आले. त्यांच्या येथील दरबारात अनेक भाषांचे कवी होते, याची साक्ष जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात मिळते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी इ. स. १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि कावेरीच्या खोऱ्यात जवळजवळ पावणेदोनशे वर्षे, म्हणजे १८५५ पर्यंत, भोसल्यांचे घराणे नांदले. त्या घराण्याबरोबर जी मराठी भाषा दक्षिणेत गेली, तिला पुढे भरतनाट्यम् या नावाने प्रसिद्ध झालेल्या नृत्यात मानाचे स्थान मिळाले. ही गोष्ट महाराष्ट्रातही पुरेशी ठाऊक नाही.

प्रथम स्पेनकडे वळू. युरोपातील अभिजात बॅले हे मुळात इटलीच्या व फ्रान्सच्या दरबारांत वाढलेले नृत्य. स्पेनला त्यात स्वतःचा आवाज मिळाला तो मुख्यतः विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने मानुएल दे फाया या संगीतकाराला दिले जाते. फाया यांचा जन्म १८७६ मध्ये दक्षिणेकडील कादिस या बंदरात झाला. त्यांचे गुरू फेलिपे पेद्रेल हे स्पॅनिश लोकगीतांचे साक्षेपी संग्राहक होते. प्रत्येक देशाने आपले अभिजात संगीत आपल्या लोकगीतांच्या पायावर उभारावे, अशी त्यांची धारणा होती. पेद्रेल यांनी लोकगीतांचा संग्रह चार खंडांत प्रसिद्ध केला. फाया यांनी गुरूचा विचार स्वीकारला, पण त्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. लोकगीताची चाल जशीच्या तशी उचलण्यापेक्षा ती चाल ज्या स्वभावातून, ज्या स्वरावलीतून आणि ज्या लयीतून जन्मते, ते मूलद्रव्य आत्मसात करावे, असे त्यांचे मत होते.

या मताचा प्रत्यय ‘एल आमोर ब्रुहो’, म्हणजे मायावी प्रेम, या कृतीत येतो. १५ एप्रिल १९१५ रोजी माद्रिदच्या लारा नाट्यगृहात तिचा पहिला प्रयोग झाला. मृत प्रियकराच्या भुताने पछाडलेल्या एका जिप्सी स्त्रीची ती कथा आहे. ही कृती पास्तोरा इंपेरिओ या जिप्सी नर्तकीसाठी रचली गेली. तिची आई, जी स्वतः एके काळची नामांकित नर्तकी होती, तिने फाया यांना आपल्या समाजातील गाणी ऐकवली आणि कथा सांगितल्या. फाया यांनी त्या गाण्यांची नक्कल केली नाही. त्यांनी वाद्यवृंदाकडून गिटारीचे काम करून घेतले. तंतुवाद्यांच्या तारा बोटांनी छेडून आणि पियानोवर झपाट्याने स्वर उमटवून गिटारीच्या खणखणाटाचा भास निर्माण केला. गायकाच्या आवाजातील कंप आणि आर्तता त्यांनी ओबो या सुषिर वाद्याकडे सोपवली. स्वरावली घेतली तीही आंदालुसियाच्या लोकगीतांची. पाश्चात्त्य संगीतशास्त्र तिला ‘फ्रिजियन’ म्हणते. आपल्याकडच्या श्रोत्याला तिचा परिचय करून द्यावयाचा तर ती भैरवी थाटाशी, किंवा कर्नाटक पद्धतीतील हनुमत्तोडी मेळाशी, जुळते असे सांगावे लागेल. मात्र ही गाणी समेवर येताना कोमल गांधाराच्या जागी पुष्कळदा शुद्ध गांधार लावतात, आणि त्या एका स्वराच्या बदलाने सारा भाव पालटतो.

दुसरी कृती म्हणजे ‘तीन कोपऱ्यांची टोपी’ हे बॅले. द्यागिलेव्ह यांच्या रशियन नृत्यसंघाने ते २२ जुलै १९१९ रोजी लंडनच्या अल्हांब्रा नाट्यगृहात सादर केले. नृत्यरचना लेओनीद मासीन यांची आणि नेपथ्य व वेशभूषा पाब्लो पिकासो यांची होती. एका सामान्य गिरणीवाल्याच्या देखण्या बायकोवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची फजिती, असे त्याचे कथानक आहे. येथे लोकनृत्ये उघडपणे येतात. गिरणीवाली फांदांगो नाचते, शेजारी सेगिदिया नाचतात, गिरणीवाला फारुका करतो आणि शेवटी सारा गाव जमून होता या नृत्याने सत्ताधाऱ्याची टर उडवतो. फांदांगो दक्षिणेचा, होता प्रामुख्याने उत्तरेकडील आरागोनचा. एकाच रंगमंचावर स्पेनचे वेगवेगळे प्रांत त्यांच्या त्यांच्या पदन्यासांसह एकत्र आले. लयीतही लोकपरंपरेचा ठसा स्पष्ट आहे. सहा मात्रांचे आवर्तन कधी तीन-तीनच्या दोन गटांत, तर कधी दोन-दोनच्या तीन गटांत विभागायचे, आणि हा बदल ऐकणाऱ्याला कळायच्या आत करायचा, ही त्या देशातील खेड्यांची जुनी खोड आहे. फाया यांनी ती साऱ्या वाद्यवृंदाला लावली.

या दोन कृतींच्या यशाबरोबर आणखी दोन नावे घेतली पाहिजेत. ‘एल आमोर ब्रुहो’ची संहिता ग्रेगोरिओ मार्तीनेस सिएर्रा यांच्या नावावर प्रसिद्ध झाली. त्यांच्या नावावरील बरेचसे लेखन त्यांच्या पत्नी मारिया लेहारागा यांचे होते, हे आता अभ्यासक मान्य करतात. दुसरे नाव अधिक दुर्दैवी आहे. फेलिक्स फर्नांदेस गार्सिया हा एक विलक्षण प्रतिभेचा आंदालुसियन नर्तक. द्यागिलेव्ह आणि मासीन यांनी त्याला स्पेनमध्ये पाहिले व आपल्या संघात घेतले. मासीन त्याच्याकडून स्पॅनिश नृत्य शिकले. आपणच त्या बॅलेतील मुख्य भूमिका करणार, अशी फेलिक्सची समजूत होती असे सांगतात. ती भूमिका मासीन यांनी केली. पहिल्या प्रयोगाच्या काही आठवडे आधी, लंडनमध्ये एका रात्री, फेलिक्स एका चर्चमध्ये नाचताना सापडला. त्याचे मन ढळले होते. एप्समच्या मनोरुग्णालयात त्याला ठेवण्यात आले आणि १९४१ मध्ये त्याचा अंत झाला. ज्याच्या पायांनी मासीन यांना फारुका शिकवली, त्याला ती त्या रंगमंचावर कधीच करता आली नाही.

आता तंजावरकडे येऊ. भोसल्यांच्या आधी तेथे नायकांचे राज्य होते आणि दरबाराची वाङ्मयीन भाषा तेलुगू होती. मराठी राजांनी तेलुगूला दूर सारले नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी, ज्यांचा काळ इ. स. १६८४ ते १७१२, यांनी तेलुगूत यक्षगाने रचली, मराठीत नाटके लिहिली आणि पाच भाषांतील पात्रे एकत्र आणणारे ‘पंचभाषाविलास’ हे नाटकही लिहिले. विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’चा सांगलीतील प्रयोग १८४३ चा, तंजावरातील मराठी नाटके त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची आहेत. तुळजाराजांनी, म्हणजे १७२८ ते १७३६ या काळातील राजांनी, ‘संगीतसारामृत’ हा शास्त्रग्रंथ सिद्ध केला. या परंपरेचा कळस दुसऱ्या सरफोजीराजांच्या, म्हणजे १७९८ ते १८३२ च्या, काळात दिसतो.

सरफोजींचे राज्य नावापुरतेच उरले होते. १७९९ च्या तहाने कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राजाच्या हाती राहिला तो किल्ला, ग्रंथालय आणि कलावंतांचा आश्रय. या मर्यादेतही त्यांनी असामान्य काम केले. सरस्वती महाल ग्रंथालयाचा संग्रह वाढवला, नव्या विद्या शिकवण्याची सोय केली, पाश्चात्त्य वाद्यांचे पथक बाळगले. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये मराठीत शिलांकित करवला. नृत्यासाठी त्यांनी मराठीत जे साहित्य रचले त्याला ‘निरूपण’ म्हणतात. एक कथाभाग घ्यावयाचा, आणि जयजय, शरणू, अलारू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाणा, जक्किणी, प्रबंध, त्रिपुट, श्लोकवर्ण, कौतुक, मंगल अशा रचनांतून तो आरंभापासून अखेरपर्यंत न्यावयाचा, अशी ही योजना आहे. एका निरूपणातील रचना एकाच रागात आणि एकाच तालात बांधलेल्या असतात. या मांडणीला ‘कोर्वै’ असे तमिळ नाव आहे. त्याचा अर्थ ओवणे, गुंफणे. तमिळ सूत्र, मराठी शब्द, कर्नाटक राग आणि देवळातील नर्तकीची पावले असा हा हार आहे. त्याच काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी तंजावरात अलारिप्पू ते तिल्लाणा हा नृत्यक्रम घडवला. आजही भरतनाट्यम्‌चा कार्यक्रम बहुधा त्याच क्रमाने होतो.

येथे प्रश्न उपस्थित होईल की, यात लोकपरंपरा कोठे आहे? तिचे तीन प्रवाह सांगता येतील.

पहिला प्रवाह कुरवंजीचा. कुरवर किंवा कोरव हा डोंगरांत राहणारा, टोपल्या विणणारा, पाखरे धरणारा आणि भविष्य सांगणारा भटका समाज. त्याच्यातील स्त्री म्हणजे कुरत्ती. तमिळ भाषेत तिच्याभोवती एक नृत्यनाट्यप्रकारच निर्माण झाला. एखादी कुलीन तरुणी मिरवणुकीतील देवाला किंवा राजाला पाहते, प्रेमात पडते, झुरते. मग हाती छडी व कमरेला टोपली घेऊन कुरत्ती येते, आपल्या डोंगराचे वर्णन करते, तरुणीचा हात पाहते आणि मनोरथ पूर्ण होईल असे सांगते. पुढे तिचा शिकारी नवरा तिला शोधत येतो, आणि दोघांच्या थट्टामस्करीने खेळ संपतो. यातील नायिकेची पदे संथ, भारदस्त रागांत असतात. कुरत्ती आली की संगीत पालटते. ठेका उडता होतो, शब्द बोलीतले येतात, आणि कुरिंजी, पुन्नागवराळी, नादनामक्रिया यांसारखे राग पुढे येतात. मध्यसप्तकात फिरणारे हे सुटसुटीत राग मूळचे लोकधुनांतूनच आले असावेत, असे अनेक जाणकार मानतात. म्हणजे एकाच खेळात महालाचे संगीत आणि डोंगराचे संगीत शेजारी शेजारी ठेवलेले आहे. श्रोत्याला आनंद होतो तो या दोहोंतील अंतराचा.

सरफोजींना नायक कल्पून कोट्टैयूरच्या शिवक्कोळुंदु देशिकरांनी तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली, आणि बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी ती सादर करीत असत. खुद्द सरफोजींनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली. तिच्यातील कुरत्ती डोंगराऐवजी सगळ्या पृथ्वीचे वर्णन करते. आपण कोठे कोठे हिंडून आलो हे सांगण्याच्या मिषाने ती खंड, देश आणि समुद्र यांची माहिती पदांतून देते. मिशनरी श्वार्ट्‌स यांच्या देखरेखीखाली शिकलेल्या राजाने आधुनिक भूगोल शिकवण्यासाठी भटक्या स्त्रीचे तोंड निवडले, ही कल्पना विनोदी वाटली तरी तीत शहाणपण आहे. ज्याच्या पायाला घर नाही त्यालाच जगाचा नकाशा ठाऊक असणार, हे लोकमानसाला पटणारे होते.

दुसरा प्रवाह लावणीचा. मराठी शिपाई, कारकून आणि सेवक तंजावरात गेले तेव्हा डफ, तुणतुणे आणि सवालजवाबाची हौस बरोबर घेऊन गेले. महाराष्ट्रात कलगीवाले आणि तुरेवाले शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ यावर रात्ररात्र भांडत. कावेरीकाठच्या खेड्यांत तीच लावणी तमिळ झाली. कामदहनाच्या उत्सवात दोन पक्ष समोरासमोर बसतात. एक म्हणतो मदन जळाला, दुसरा म्हणतो जळाला नाही. वाद्ये तीच, डफाच्या जातीचे चर्मवाद्य आणि ‘तुंतिना’, म्हणजे आपले तुणतुणे. गाणाऱ्यांना मराठी येत नाही. पण गाण्याच्या प्रकाराचे नाव मात्र लावणीच आहे. दरबारातून काही झिरपण्याची वाट न पाहता लोकांनी लोकांकडून थेट घेतलेली ही वस्तू आहे.

तिसरा प्रवाह कीर्तनाचा. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून तंजावरात आलेल्या कीर्तनकारांमुळे तेथील कथाकथनाला नवे वळण लागले, आणि तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्यातून कथाकालक्षेपाचे प्रसिद्ध रूप घडवले. या कथेत तमिळ, तेलुगू, संस्कृत पदांबरोबर साकी, दिंडी, ओवी, अभंग, कटाव हे मराठी छंद येतात. ओवी ही दळणकांडणाच्या वेळी जात्यावर म्हटली जाणारी. कर्नाटक संगीताच्या कथाकारांनी ती शास्त्रशुद्ध रागांत बसवली आणि तिचे नाव तसेच ठेवले. जात्याशी बसलेल्या बाईचा छंद असा विद्वानांच्या सभेत जाऊन बसला.

या दोन देशांतील उदाहरणांची तुलना केली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. स्पेनमध्ये एका संगीतकाराने जाणीवपूर्वक, सिद्धांत मांडून लोकसंगीताकडे पाहिले. तंजावरात सिद्धांत नव्हता, शेजार होता. एकाच गावात राजवाडा, देऊळ, छावणी आणि पालावरची वस्ती होती, आणि स्वर एकाकडून दुसऱ्याकडे नकळत जात होते. स्पेनमध्ये घेणाऱ्याचे नाव इतिहासाने जपले. तंजावरातही राजांची आणि नट्टुवनारांची नावे उरली. परंतु ज्या कुरत्तीची चाल उचलली तिचे नाव कोठेच नाही.

आणखी एक साम्य विचार करावयास लावणारे आहे. स्पेनमधील गितानो, म्हणजे जिप्सी, हे रोमा लोकांचे वंशज. रोमांची भाषा भारतीय आर्य भाषांच्या कुळातील आहे, आणि त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. स्पेनमधील त्यांची पहिली नोंद १४२५ ची. यावरून फ्लामेंकोचे संगीत भारतातूनच गेले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. भैरवीशी जुळणारी स्वरावली जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे आढळते. आणि आंदालुसियाच्या गाण्यात अरबी, ज्यू व ख्रिस्ती उपासनासंगीताचे थरही आहेत. तथापि भटक्या समाजांच्या वाट्याला आलेले दुःख मात्र दोन्हीकडे एकाच जातीचे आहे. १७४९ मध्ये स्पेनच्या राजाने देशातील जिप्सींना एकाच वेळी पकडून बायका-मुले आणि पुरुष वेगळे करून डांबण्याचा हुकूम काढला. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी त्याच समाजाच्या नाचगाण्यावर स्पेनचे राष्ट्रीय बॅले उभे राहिले. इकडे १८७१ च्या आणि नंतर १९११ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. मद्रास इलाख्यात कोरव त्यांत होते. देवळाच्या मंडपात कुरत्तीची भूमिका करणाऱ्या नर्तकीवर अत्तर शिंपडले जात होते, आणि खरी कुरत्ती पोलिसांच्या हजेरीला उभी होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रातील कैकाडी समाजाचे नाते याच कोरवांशी जोडले जाते. त्यांच्या बोलीत आजही तमिळचे अंश आहेत. लक्ष्मण माने यांच्या १९८० मधील ‘उपरा’ या आत्मकथनामुळे मराठी वाचकाला त्या पालाच्या आतले जग प्रथम दिसले. ज्याने ‘उपरा’ वाचले आहे त्याला ‘देवेंद्र कुरवंजी’ निव्वळ करमणूक म्हणून वाचता येणार नाही.

नर्तकींच्या बाबतीतही असेच घडले. १९३५ च्या अखेरीस रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यारला जाहीरपणे नृत्य केले, आणि त्यानंतर सुशिक्षित घरांतील मुली हे नृत्य शिकू लागल्या. आना पावलोव्हा या रशियन बॅले-नर्तकीच्या सहवासातूनच रुक्मिणीदेवी नृत्याकडे वळल्या होत्या. १९४४ मध्ये त्यांनी कलाक्षेत्रात ‘कुट्राल कुरवंजी’ बसवली, आणि तो प्रकार पुन्हा रंगमंचावर आला. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवळाला मुली वाहण्याची प्रथा बंद केली. ती बंद व्हावयासच हवी होती. परंतु प्रथेबरोबर त्या स्त्रियांचा व्यवसाय आणि मानही गेला. ज्यांच्या अंगात ही कला शतकानुशतके मुरली होती त्यांच्यापैकी थोड्याच जणी नव्या रंगमंचावर पोचल्या. टी. बालसरस्वती हे त्यांतील सर्वांत तेजस्वी नाव. नृत्य ‘शुद्ध’ करण्याच्या भरात त्याचे रक्त बदलले जाऊ नये, अशी चिंता त्यांनी जन्मभर बाळगली.

शुद्धतेचा हा प्रश्न स्पेनलाही पडला होता. १३ व १४ जून १९२२ रोजी ग्रानादा येथे फाया, कवी लोर्का आणि त्यांच्या मित्रांनी प्राचीन गंभीर लोकगायनाची स्पर्धा भरवली. बाजारूपणाने ते गायन नष्ट होत आहे, अशी त्यांची तळमळ होती. त्यासाठी त्यांनी प्रौढ व्यावसायिक गायकांना स्पर्धेबाहेर ठेवले. दियेगो बेर्मुदेस हा वृद्ध गायक आणि मानोलो काराकोल हा कोवळा मुलगा यांना बक्षिसे मिळाली. स्पर्धेमागचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु ज्यांचे पोट त्या गाण्यावर होते त्यांनाच दूर ठेवून गाणे वाचवता येईल, हा समज पुढच्या काळाने खरा ठरवला नाही. फ्लामेंको जगले ते व्यावसायिकांच्या घराण्यांत. २०१० मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशात स्थान दिले, तेव्हा त्या घराण्यांचे योगदान मान्य करावेच लागले.

मराठीच्या बाजूने पाहता, तंजावरच्या निरूपणांना काही काळ कोणी वाली उरला नव्हता. तमिळ नर्तकांना मराठी येत नव्हते, आणि मराठी रसिकांना ही आपली वस्तू आहे हेच माहीत नव्हते. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी हे साहित्य अभ्यासून पुन्हा नृत्यात आणले आणि ‘तंजावुर नृत्य प्रबंध’ या ग्रंथातून त्याची ओळख करून दिली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुढे तंजावर बंधूंच्या घराण्यातील किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिक्षण घेतले, आणि हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम् करण्याची स्वतंत्र वाट घडवली. ज्या वाटेने मराठी दक्षिणेत गेली, तिच वाटेने नृत्य उत्तरेकडे परत आले असे म्हणता येईल.

यातून निघणारा बोध थोडक्यात सांगता येईल. लोकपरंपरेकडून घेणे हा दोष नाही. घेतल्याविना कोणतीही अभिजात कला जिवंत राहिलेली नाही. आणि घेताना नक्कल न करता मर्म ओळखावे, हा फाया यांचा धडा आजही मोलाचा आहे. दोष असतो तो घेतल्याची नोंद न ठेवण्यात. त्यावर उपाय अवघड नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत रागाचे आणि तालाचे नाव छापतात, त्याचप्रमाणे चाल कोणत्या समाजाकडून, कोणत्या गावाकडून आली तेही छापावे. निरूपण नाचणाऱ्या मुलीला त्यातील मराठी शब्दांचा अर्थ शिकवावा, आणि कुरत्ती नाचणाऱ्या मुलीला कोरवांचा इतिहास सांगावा. ज्यांच्याकडे अजून ती गाणी आहेत त्यांचे ध्वनिमुद्रण करताना त्यांना मानधन द्यावे, आणि ध्वनिफितीवर त्यांचे नाव घालावे.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांत आज ओडिशा, बिहार, बंगाल, तमिळनाडू आणि उत्तर कर्नाटक अशा दूरदूरच्या भागांतून आलेले कामगार आहेत. पाळी संपल्यावर भाड्याच्या खोल्यांतून त्यांची गाणी ऐकू येतात. काहींच्या ओठांवर सिनेमाची गाणी असतात, काहींच्या ओठांवर गावाकडची. त्यांतील एखादी चाल आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या मोठ्या सभागृहात, भरजरी पोशाखात, अभिजात म्हणून सादर होणारच नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तसे झाले तर ती चाल बोम्मसंद्र्याच्या अमुक गल्लीत, अमुक कामगाराकडून ऐकली, एवढी ओळ तरी कार्यक्रमपत्रिकेत असावी.